आई फोन उचलू शकते तोवर: रेस्पाइट ते सपोर्टेड लिव्हिंग, एक प्रकरण

हे प्रकरण ४३ वर्षांच्या एका पुरुषाचं आहे. डाउन सिंड्रोम, मध्यम स्वरूपाचं बौद्धिक दिव्यांगत्व, थायरॉइडची गोळी रोज सुरू. बोलतो तीन-चार शब्दांच्या वाक्यांत, ओळखीच्या माणसाला ते नीट कळतं. वडील वारलेले. घरात तो आणि ७१ वर्षांची आई. धाकटी बहीण दुसऱ्या शहरात, तिचं स्वतःचं घर आणि नोकरी. ती त्याला दादा म्हणते म्हणून सगळेच दादा म्हणतात; इथेही तेच नाव ठेवतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

प्रकरण आमच्याकडे आलं ते आईच्या खुब्यामुळे. सांधा बदलायचा होता. पुढचे सहा आठवडे वाकणं बंद, ओझं उचलणं बंद, रात्री हाक आली म्हणून धडपडत उठणं बंद. बहिणीचा प्रश्न एका ओळीचा होता: तेवढे सहा आठवडे दादाची सोय कुठे करायची?

अशी विचारणा आता वरचेवर होते, आणि त्याला कारण आहे. श्रीमंत देशांतसुद्धा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान साधारण २५ वर्षं होतं. हृदयाच्या जन्मजात दोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, या मुलांना संस्थांत टाकून देणं कमी झालं, आणि आज तिथे हा आकडा ६० च्या आसपास आहे. मूल आपल्याआधी जाईल असं डॉक्टरांनी ज्यांना सांगितलं होतं, त्या आईवडिलांच्या घरात आज चाळिशी-पन्नाशीची मुलं आहेत. ‘माझ्या माघारी याचं कसं होणार’ हा प्रश्न या पालकांच्या मनात रोज असतो, पण कामाला लागायची वेळ बहुतेकदा पालक स्वतः अंथरुणाला खिळल्यावरच येते. इथे ऑपरेशनची तारीख पाच महिने पुढची होती. हे पाच महिने हाताशी नसते, तर पुढचं बरंचसं घडलंच नसतं.

अर्जावर काय होतं आणि घरात काय होतं

अर्जात आईने (आम्ही त्यांना काकू म्हणतो) लिहिलं होतं: आंघोळ, स्वतः करतो. कपडे, स्वतः घालतो. जेवण, स्वतः. अशा अर्जांत खोटं काहीच नसतं, आणि तरी माणसाला आधार किती लागतो याचा पत्ता त्यावरून लागत नाही. म्हणून आमची एक सहकारी सकाळी साडेसहाला त्यांच्या घरी जाऊन नुसती बसली.

काकूंनी ब्रशवर पेस्ट लावून तो बेसिनच्या उजव्या कडेला ठेवला. आंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. पलंगावर कपडे मांडले ते घालायच्या क्रमाने, आतले सगळ्यात वर. शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावून ठेवलं, कारण ते दादाला जमत नाही आणि जमलं नाही की तो अख्खा शर्ट काढून फेकतो. मग बाथरूमच्या दाराशी उभ्या राहिल्या. "मान झाली?" थांबल्या. "कानामागे?" पुन्हा थांबल्या. "आता टॉवेल." दादाने आंघोळ स्वतःच केली, हे अगदी खरं. तुम्ही काय काय केलंत असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, "मी कुठे काय केलं? सगळं तोच करतो."

त्यांचा यात मोठेपणा मिरवायचा काही हेतू नव्हता. चाळीस वर्षांत हे सगळं हातात इतकं मुरलं होतं की डोक्यात त्याची नोंदच होत नव्हती. फॉर्ममधले प्रश्न डोक्याला विचारलेले असतात. हाताला विचारायचं तर शेजारी बसूनच पाहावं लागतं.

त्या सकाळीवरून आणि नंतरच्या दोन संध्याकाळींवरून आधाराचा आराखडा तयार झाला. प्रत्येक कामापुढे तीन रकाने: तो काय करतो, आपण काय करायचं, आपण काय करायचं नाही. कामाचा निघाला तो तिसरा रकाना. शर्ट उलटा घातला तर हात लावायचा नाही, आरशासमोर न्यायचं. काही सांगितल्यावर लगेच दुसऱ्यांदा सांगायचं नाही, मनात दहापर्यंत मोजायचं. ऐकलेलं कळून त्याप्रमाणे हलायला त्याला तेवढा वेळ लागतो, आणि मध्येच पुन्हा बोललं की त्याची सुरुवात पहिल्यापासून होते. मदतनीसांची बदली झाली की पहिला बळी याच रकान्याचा जातो. चांगला, प्रेमळ, घाईत असलेला माणूस पटकन बटणं लावून मोकळा होतो.

आणखी एक बारीक गोष्ट याच वेळी सापडली. थायरॉइडची गोळी काकू उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी देत आणि खायला अर्ध्या तासाने देत. रेस्पाइट घरात, म्हणजे दादाची तात्पुरती सोय होणार होती त्या घरात, मात्र सगळ्यांची औषधं एकदम, न्याहारीबरोबर दिली जात. अन्नाबरोबर ही गोळी कमी शोषली जाते. एका माणसासाठी औषधांची वेळ वेगळी करायला तिथले व्यवस्थापक आधी तयार नव्हते, मग झाले.

सरावाचे महिने

रेस्पाइट, म्हणजे घरच्या काळजीवाहकाला ठरावीक काळ मोकळीक मिळावी म्हणून दिलेली तात्पुरती काळजी, बहुतेकांच्या मनात अडीअडचणीची सोय असते. रेस्पाइट घरानेही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादाला घेऊन या, जागा आहे, असं सांगितलं होतं. आम्ही तारखेच्या कितीतरी आधी सुरुवात करायचा आग्रह धरला. बहिणीला ते पटलं नाही. उगाच आधीपासून दादाला कशाला हलवायचं, आईची घालमेल कशाला वाढवायची, असं तिचं म्हणणं. काकूंचं दुखणं वेगळं होतं. "लोक म्हणतील, हातपाय थकल्यावर टाकलं पोराला."

आधी एक दुपार. मग संध्याकाळचं जेवण करून परत. मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. पहिल्या रात्री दादा बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसून राहिला. रात्रपाळीच्या ताईंनी त्याला झोप म्हणून आग्रह केला नाही. दार उघडं ठेवून समोरच्या खुर्चीत बसून त्या टॉवेलांच्या घड्या घालत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्याने पिशवी खाली ठेवली, आणखी बऱ्याच वेळाने एक बूट काढला. दुसरा बूट सकाळपर्यंत पायात होता.

खरा गोंधळ केला तो फोनने. काकू काळजीपोटी पुन्हा पुन्हा फोन करत, आणि प्रत्येक वेळी बेल वाजली की आई न्यायला आली असं समजून दादा पिशवी घेऊन दाराकडे धावे. मग ठरलं: फोन रात्री आठला, आणि तो दादाने करायचा. फोनवर आईचा फोटो दाबायचा, बोलायचं आणि ठेवायचाही त्यानेच. काकूंना हे फार जड गेलं. एकदा त्याने "बरंय" एवढंच बोलून फोन ठेवला, तेव्हा त्या रागावल्या, आणि मला वाटतं थोड्या सुखावल्याही. पहिल्या शनिवार-रविवारी त्या रात्री जाग्याच होत्या. पुढच्या वेळी दुपारपर्यंत झोपल्या, आणि त्यानंतर दोन वर्षं टाळलेली दाढ एकदाची काढून आल्या.

तिसरा आठवडा

ऑपरेशन नीट पार पडलं. दादाचे पहिले दोन आठवडेही बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात तो अंधार पडल्यावर जिना उतरेना. आंघोळीला नेलं की बाथरूमच्या उंबऱ्यावर अडून बसे. दोनदा अंथरूण ओलं झालं.

नोंदवहीत वेगवेगळ्या हातांनी लिहिलं होतं: ‘आईची आठवण.’ ‘हट्ट.’ ‘लक्ष वेधून घेण्यासाठी.’ एका जुन्या, जाणत्या मदतनीसाने हळूच सांगितलं, "सुरुवात झाली बहुतेक." त्याला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) म्हणायचं होतं, आणि ही शंका काही वेडगळ नव्हती. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड ज्या प्रथिनापासून बनतं, त्याचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं. डाउन सिंड्रोममध्ये त्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्या मेंदूत हे बदल दिसू लागतात, लक्षणं बहुधा पन्नाशीत. चाळिशीपासून दरवर्षी तपासणी करावी असं म्हणतात ते यासाठीच. पण त्या निदानापर्यंत जायची वाट ठरलेली आहे: आधी थायरॉइड, कान, डोळे, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, कुठलं दुखणं, औषधांचा परिणाम, हे सगळं तपासून बाजूला काढायचं. आणि नेमकं हेच राहून जातं. माणसावर एक शिक्का आधीच असला की नव्या तक्रारीचा दोष त्याच शिक्क्यावर जातो. दादावर तर शिक्के दोन होते, डाउनचा आणि ‘आईवेगळा झालाय’ याचा.

कोडं सुटलं ते रात्रपाळीच्या त्याच ताईंमुळे. वागणुकीच्या नोंदीसाठी छापील तक्ता असतो: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. ताईंनी त्यात पेनाने एक रकाना वाढवला: उजेड. चार दिवसांच्या नोंदींत चित्र उभं राहिलं. दुपारी तोच जिना तो सहज उतरत होता. संध्याकाळी पॅसेजचा दिवा लागलेला असेल तर थबकत उतरे, दिवा नसेल तर मुळीच नाही. दाराशी काळं पायपुसणं होतं, तिथे थांबून तो आधी पायाने चाचपून पाही, खड्डा आहे का बघावं तसं. बाथरूमची फरशी पांढरी, चकचकीत, आणि बरोबर वर दिवा, म्हणजे डोळ्यांवर थेट चकाकी.

ताईंनी कुणाला न विचारता पायऱ्यांच्या कडांना पांढरी चिकटपट्टी लावली आणि रात्रभर दिवा चालू ठेवला. त्या रात्री दादा कठडा धरून खाली उतरला, आणि अंथरूणही कोरडं राहिलं. शौचालयाच्या वाटेवर अंधार होता, एवढंच त्या ओल्या अंथरुणांचं कारण.

काकू तेव्हा घरी वॉकर घेऊन चालायला लागल्या होत्या. त्यांना फोनवर विचारलं, घरी जिन्यात कधी असं झालं होतं का? "छे. आणि मी त्याचं कोपर धरतेच ना उतरताना. त्याला नाही, मलाच भीती वाटते पडायची." रात्री दिवा? "चालूच असतो, मला अंधारात झोप येत नाही." सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा, त्याची नजर कमी होत होती आणि त्या आपल्या सवयींनी ती भरून काढत होत्या, दोघांच्याही नकळत. आराखडा बनवताना आम्ही त्यांच्या घरात बसलो होतो तेव्हाही हे दिसलं नव्हतं. दिसायला त्यांचा हात बाजूला व्हावा लागला.

नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजव्यात जास्त पिकलेला. डाउन सिंड्रोममध्ये तो लवकर होतो, हे वैद्यकात जुनंच ज्ञान आहे. शस्त्रक्रियेची तयारी लांबली, आणि ते बरंच झालं. डोळ्यात थेंब घालून घ्यायची सवय व्हावी म्हणून आधी साधे, औषध नसलेले थेंब रोज घातले. पहिल्यांदा बाटली नुसती हातात दिली, मग गालावर थेंब, मग डोळ्यात. भूलतज्ज्ञांना मानेबद्दल आधीच सांगितलं, कारण या मंडळींत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो आणि भूल देताना मान मागे वाकवणं धोक्याचं ठरू शकतं. उजवा डोळा झाल्यावर बाथरूमचं भांडण मिटलं. फरशीवर मॅट टाकली ती तशीच ठेवली आहे.

समजा हेच काकू नसताना झालं असतं, म्हणजे त्या अचानक गेल्यावर दादा अशा घरात आला असता, तर फोनवर विचारायला कोण होतं? ‘आईच्या धक्क्याने खचला’ किंवा ‘डिमेन्शिया’ यातलं एक काहीतरी फाइलवर चढलं असतं आणि त्याची रवानगी अशा ठिकाणी झाली असती जिथे जिना उतरायची गरजच पडत नाही. रेस्पाइट पालकांच्या विश्रांतीसाठी आहे हे बरोबर. पण पालक धडधाकट असताना, प्रश्नाला उत्तर देऊ शकत असताना ते घेतलं, तर त्यांच्या आधाराखाली काय काय झाकलेलं आहे ते तेव्हाच उघडं पडतं, आणि निस्तरताही येतं.

घरी, आणि पुन्हा बाहेर

दादा घरी परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपल्या अंथरुणाची घडी घातली. काकू आनंदल्या असतील असं कुणालाही वाटेल. त्या दुखावल्या. "माझ्याकडे चाळीस वर्षांत कधी नाही घातली." यावर द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि देऊही नये. रेस्पाइट घरात घडी कुणी शिकवली वगैरे नव्हती. तिथे ती घालायला दुसरं कुणी पुढे होत नव्हतं, इतकंच.

महिन्यातला एक शनिवार-रविवार चालू ठेवला. काही दिवसांनी दादा गुरुवारपासूनच पिशवी भरायला लागला. याचा अर्थ त्याला कायम बाहेर राहायचं आहे असा काढण्याची घाई बहिणीला झाली, आणि उलट अर्थ काढण्याची काकूंना. पिशवी भरणं म्हणजे पिशवी भरणं. त्याला खरंच काय हवंय ते विचारायला फोटो वापरले: जागांचे, खोल्यांचे, माणसांचे. दोन जागा त्याला वेगवेगळ्या वेळी दाखवल्या, तिथे बसू दिलं, एकदा जेवू दिलं. एका जागी तो जिन्यावरूनच परत फिरला. सोबत कोण हवं यात मात्र त्याची निवड पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती: रेस्पाइट घरातला व्हीलचेअर वापरणारा एक जण, ज्याच्या शेजारी तो जेवायला बसायचा. ज्याचा टीव्ही मोठ्याने चाले, त्याचा फोटो त्याने पालथा घातला.

आज दोघं एका फ्लॅटमध्ये राहतात. भाडेकरार त्यांच्या नावावर आहे, आणि घरमालक व मदतनीस पुरवणारी संस्था वेगवेगळ्या. हा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण सपोर्टेड लिव्हिंगचा, म्हणजे स्वतःच्या घरात लागेल तेवढ्या मदतीने राहण्याचा, कणा तोच आहे. घर आणि सेवा एकाच हातात असली की सेवेबद्दल तक्रार करणाऱ्याला आधी डोक्यावरच्या छपराची काळजी करावी लागते. इथे मदतनीस बदलायचे तर दादाला घर सोडावं लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचा अनुच्छेद १९ हेच सांगतो: कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे इतरांइतकंच दिव्यांग माणसानेही ठरवायचं, ठरावीक प्रकारच्या निवासात राहण्याची सक्ती त्याच्यावर नसावी. त्यावर करार समितीने २०१७ साली जे भाष्य केलं, ते मला अधिक कामाचं वाटतं. शंभर जणांची संस्था असो, पाच-आठ जणांचं घर असो की एकट्याचं, रोजच्या गोष्टींवर माणसाचा ताबा नसेल, मदतनीस कोण हे तो ठरवू शकत नसेल, सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट करावी लागत असेल, तर ती संस्थाच, असं त्याचं सार आहे. फ्लॅटच्या दारावर पाटी नसली म्हणून आत संस्था नसेल असं नाही. नऊच्या आत दोघांनी झोपलंच पाहिजे असा नियम इथेही एका मदतनीसाने पहिल्या महिन्यात आणला होता, स्वतःची नोंदवही वेळेत लिहून व्हावी म्हणून. तो काढावा लागला.

सगळं गोडीगुलाबीचं आहे असं नाही. सोबती पहाटे पाचला उठून गुणगुणतो आणि दादा भिंतीवर बुक्क्या मारतो. स्वयंपाकावरून वाद झाला: त्याला ओट्याजवळ येऊच देऊ नये, असं संस्थेचा जोखीम-आराखडा म्हणत होता. आता आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी आहे. दादा शेजारी उभा राहून ढवळतो, बटण मदतनीस दाबतो. काम अख्खं त्याला जमत नसेल तर त्यातला जमेल तो तुकडा त्याचा, थोडा थोडा पण वारंवार, ही पद्धत बौद्धिक दिव्यांग प्रौढांबरोबर काम करणाऱ्यांत चांगली रुळलेली आहे. पैशांचे व्यवहार बहीण बघते, पण त्याच्या समोर बसून, नोटा मांडून; संपूर्ण पालकत्वाचा, म्हणजे त्याच्या वतीने सगळे निर्णय घेण्याच्या कायदेशीर अधिकाराचा, अर्ज करायचा नाही असं तिनेच ठरवलं.

सगळ्यात मोठा धक्का बसला तो पहिल्या वर्षातच मुख्य मदतनीस नोकरी सोडून गेला तेव्हा. तिसरा रकाना कागदावर होता, पण नव्या माणसाने तो वाचला तरी पाळायला काही आठवडे गेले, आणि त्या काळात शर्ट पुन्हा फेकले गेले. आता नवा माणूस जुन्याबरोबर निदान पाच पाळ्या करतो, त्यातली एक पहाटेची. या दुहेरी पाळीचे पैसे कुठल्याच ठरावीक दरात धरलेले नसतात. दर वेळी भांडून घ्यावे लागतात.

वाद उरला आहे तो रात्रीचा. मदतनीस फ्लॅटमध्येच झोपतो, हाक आली तर उठतो. बहिणीचं म्हणणं, कुणीतरी जागं हवं. दादा हाक मारत नाही, तो नुसता उठून चालायला लागतो. संस्थेचं म्हणणं, जागती पाळी ठेवली तर दिवसाचे तास कमी करावे लागतील, म्हणजे त्याचं बाहेर जाणं तुटेल. दादाला रात्री खोलीचं दार आतून लावायचं असतं, आणि कुणी जागं असलं की ते लावू देत नाहीत, हे त्याने रेस्पाइट घरात पाहिलेलं आहे. सध्या झोपपाळीच चालू आहे. डिमेन्शियाच्या वार्षिक तपासणीत आधीच्या वर्षापेक्षा घसरण दिसली, किंवा रात्री एकदाही तो बाहेरच्या दारापर्यंत गेला, तर त्याच आठवड्यात जागती पाळी सुरू करायची, असं लेखी ठरलं आहे. बहिणीने त्या कागदावर सही केली आहे, आणि सहीखाली आपला आक्षेपही लिहून ठेवला आहे.